ओपनच्या आठवड्यात सातारा

जुलैत महाबळेश्वरला कोण जातं असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. लॉज स्वस्त, गर्दी नाही, रस्त्याला सगळीकडं धबधबे, अशी कारणं मी देत होतो आणि ती खरीपण होती, पण खरं कारण पाटलालासुद्धा पेठ नाक्याला गाडी हायवेला लागल्यावर कळलं. १७ ते २० जुलै २०२५, त्याच चार दिवसांत उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरशच्या मैदानावर गोल्फची ओपन होती, म्हणजे ह्या खेळातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी (त्यांना मेजर म्हणतात) एक. तिकडची मॅच आपल्याकडं रात्री रंगात येते. म्हणजे दिवसभर हिंडायचं आणि रात्री लॉजवर फोन उशीला टेकवून गोल्फ बघायचं. घरी असताना रात्री एक वाजेपर्यंत गोल्फ बघणाऱ्या माणसाकडं बायकापोरं कसं बघतात ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

आधीच सांगतो, मी खेळत नाही. सांगलीत बसून गोल्फ कुठं खेळणार? मी बघतो. आणि इतकी वर्षं बघून एक खोड लागली आहे, खेळाडूपेक्षा जमीनच जास्त बघतो. उतार कुठं, पाणी कुठं साठतं, वारा कुठून येतो. बरोबर पाटील, ज्याला कुस्ती आणि क्रिकेट सोडून तिसरा खेळ असतो हे मान्य नाही, आणि साताऱ्याजवळनं उचलायचे होते मामा.

गुरुवार: सांगली ते अपशिंगे

कराडच्या पुढं हायवेचं काम चालू आहे, डायव्हर्जनवर डायव्हर्जन, त्यात पाऊस. एक तास जादा धरून निघा, एवढंच.

मामा अपशिंगे मिलिटरीचे. साताऱ्याच्या माणसाला हे गाव सांगावं लागत नाही, घराघरातनं माणूस फौजेत. मामा हवालदार म्हणून रिटायर झाले आणि माझ्या गोल्फच्या नादाला तेच कारणीभूत. त्यांनी आयुष्यात एक फटका मारला नसेल पण नोकरीत काही काळ राजस्थानात छावणीच्या गोल्फ कोर्सवर त्यांच्याकडं मैदानाची देखभाल होती. तिथं पाणीच नाही, मग हिरवळ कुठनं आणायची? ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, तिथं बॉल हळू ढकलतात त्याला पटिंग म्हणतात. त्या ग्रीनच्या जागी 'ब्राऊन' असायचं. वाळूत तेल मिसळून ती दाबून सपाट करायची, साहेब लोकांचं पटिंग झालं की बुटाचे ठसे पुसायला परत फळी ओढायची. लहानपणी सुट्टीत हे ऐकायला मिळायचं आणि मला वाटायचं गोल्फ म्हणजे तेलाच्या वाळूत खेळायचा खेळ. नंतर टीव्हीवर अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल मैदान बघितलं, ते हिरवंगार गवत, गुलाबी अझेलिया, आणि मामांना म्हणलं हे बघा. मामा म्हणाले, "एवढं हिरवं काय खरं न्हाई. कुणीतरी रातभर राबत असणार."

मामीनी वाघ्या घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा केला होता. कोरेगावकडचा हा घेवडा खाल्ला नसेल तर साताऱ्याला येऊन फक्त कंदी पेढे घेऊन जाऊ नका, दुकानात मागून एक-दोन किलो घ्या, शिजायला सोपा आणि आमटी दाट होते.

रात्री आठच्या आसपास रोरी मॅकलरॉय टी वर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर आला. पाटलाला त्याची गोष्ट सांगावी लागली. रोरी तिकडचाच, सोळाव्या वर्षी याच कोर्सवर अठरा होल ६१ फटक्यांत संपवून विक्रम केलेला (ह्या खेळात फटके जितके कमी तितकं चांगलं). २०१९ ला तब्बल ६८ वर्षांनी ओपन पोर्टरशला परत आली (आधीची १९५१ ची) आणि घरच्या लोकांसमोर रोरीचा पहिलाच फटका डावीकडं हद्दीबाहेर. पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपावा अशा होलला आठ. दिवसाचे ७९. दुसऱ्या दिवशी जिवाच्या आकांतानं ६५ मारले तरी एका फटक्यानं कट हुकला, म्हणजे शेवटचे दोन दिवस खेळायला मिळालंच नाही. आणि सहा वर्षांनी तोच माणूस, आता एप्रिलात मास्टर्स जिंकून चारही मेजर पूर्ण केलेला जगातला सहावा खेळाडू, परत त्याच टीवर उभा. पाटील पहिल्यांदा गप्प बसून बघत होता. बॉल परत डावीकडं गेला, पण ह्या वेळी हद्दीच्या आत, गवतात. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. शेवटी ७० वर थांबला. ६७ वर पाच जण पुढं होते, त्यात चीनचा हाओतोंग ली पण.

"एवढा मोठा गडी आन् त्येचं पण पयल्या डावाला हात कापत्यात व्हय?" मामा म्हणाले आणि झोपायला गेले.

शुक्रवार: सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी

सकाळी सज्जनगड. गाडी बऱ्यापैकी वर जाते, पुढं पायऱ्या, पावसात त्या निसरड्या असतात, मामा काठी घेऊन आमच्या आधी वर पोचले. धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता. दुपारी बाराच्या आसपास वर असाल तर महाप्रसाद घेऊनच उतरा.

ठोसेघरचा धबधबा कधी दिसायचा कधी धुक्यात जायचा. गॅलरीतनंच बघा, रेलिंग ओलांडून फोटो काढणारे महाभाग ह्या वर्षी पण होतेच. खाली टपरीवर पिठलं-भाकरी आणि कांदाभजी, चुलीवरची, बसायला प्लास्टिकच्या कागदाखाली बाकडं. कॅश ठेवा, तिथं रेंज नाही त्यामुळं स्कॅनर चालत नाही.

आणि मग चाळकेवाडीचं पठार. ह्याच्यासाठी मी आलो होतो खरं तर. पवनचक्क्या आहेत म्हणजे वारा किती ते कळलंच. गाडीचं दार उघडलं की हातातनं सुटतं. छत्री नेऊ नका, आमची पाटलाची छत्री पहिल्या मिनिटाला उलटी झाली, रेनकोटच पाहिजे आणि तोही टोपीची दोरी बांधता येईल असा. चारनंतर धुकं इतकं उतरतं की रस्त्याची कड दिसत नाही, त्याच्या आत परत फिरा.

झाड नाही, बुटकं गवत, मधेच खडक, मधेच खोलगट जागा, आणि आडवा पाऊस. टीव्हीवर लिंक्स कोर्स (समुद्राकाठच्या वाळूवरचं गोल्फचं मैदान) बघितलेल्या कुठल्याही माणसाला इथं उभं राहिल्यावर एकच गोष्ट आठवणार. मी मामांना हातानं दाखवायला लागलो, हितं टी, तिकडं त्या कातळाच्या मागं ग्रीन, वारा डावीकडनं, म्हणजे बॉल पवनचक्कीवर मारायचा आणि वाऱ्यानं तो आत यायला पाहिजे. पाटील म्हणाला, "लेका तुला डॉक्टरला दाखवायला पायजे."

तिथं एक म्हातारे गवळी धनगर म्हशी घेऊन उभे होते, घोंगडी डोक्यावरनं, खाली गमबूट. आमचं काय चाललंय म्हणून जवळ आले. मामांनी तंबाखू पुढं केली आणि ओळख झाली. मी सांगितलं की लांब स्कॉटलंड म्हणून देश आहे, तिथं समुद्राकाठच्या अशाच उघड्या रानात हा खेळ सुरू झाला. शेतीला उपयोग नसलेली जमीन, त्यावर मेंढरं चरायची. वाऱ्यापासनं आडोसा म्हणून मेंढरं खोलगट जागेत बसायची, बसून बसून गवत जाऊन वाळू उघडी पडायची, आणि त्याच खड्ड्यांना आज बंकर म्हणतात, असं तिकडचे लोक सांगतात. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सवर असले शंभरच्या वर बंकर आहेत आणि बरेचसे कुणी इंजिनिअरनी आखलेले नाहीत.

म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिकडं पाऊस न्हाई का?"

आहे की, म्हणलं, बारा महिने भुरभुर.

"मग मेंढरं कशी टिकत्यात? हितं मेंढरू आणलं की पावसात खुरं सडत्यात. म्हणून मेंढरं माण-खटावला, हिकडं म्हसरं."

आता ह्याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते ह्या कारणानं कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. तिकडं खाली वाळू आहे. समुद्र मागं हटला, वाऱ्यानं वाळूचे डोंगर केले, त्यावर बारीक कणखर गवत आलं. पाऊस पडला की पाणी सरळ खाली जातं, वर चिखल होत नाही. म्हणून मेंढरू कोरडं बसतं आणि म्हणूनच मुसळधार पावसानंतर तासाभरात तिथं खेळता येतं, बॉल टप्पा घेऊन पळतो. म्हाताऱ्यांनी पायातल्या गमबुटानं जमीन दाबून दाखवली, वर वीतभर माती, खाली जांभा, बुटाभोवती लगेच पाणी गोळा झालं. "मग हितं न्हाई जमायचं तुमचं," ते म्हणाले. मी जे अर्धा तास कोर्स आखत होतो तो म्हाताऱ्यांनी एका पायानं मोडून टाकला. आणि बरोबरच आहे ते. ह्या पठारांवर जे उगवतं त्यातलं काही दुसरीकडं कुठं उगवत नाही, तिथं कुणी गोल्फ कोर्स काढतो म्हणाला तर मी पहिला विरोध करीन.

जाता जाता त्यांनी होल किती असतात विचारलं. अठरा. "अठराच का?" पूर्वी काही ठरलेलं नव्हतं. सेंट अँड्र्यूजला अकरा होल होते, जाताना खेळायचे आणि येताना बरेचसे तेच उलटे, मिळून बावीस. १७६४ ला सुरुवातीचे चार छोटे होल जोडून दोन केले, आणि जाऊन-येऊन अठरा झाले. पुढं सगळ्या जगानं तेच धरलं. म्हातारे हसले, म्हशी तोपर्यंत रस्त्यावर गेलेल्या.

रात्री साताऱ्यात लॉजवर. तिकडं पण पाऊस, चांगला दणकून, आणि त्या पावसात अमेरिकेचा स्कॉटी शेफलर ६४ मारून गेला. आठ बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी), एक बोगी. दोन दिवस मिळून दहा अंडर, म्हणजे पारपेक्षा दहा फटके कमी, पहिला. त्याचा फटका बघायला सुंदर नाही, पाय घसरल्यासारखे मागं जातात, कुठल्याही कोचनं पोराला असं शिकवलं तर आईबाप फी परत मागतील, पण बॉल जिथं पाहिजे तिथं. मॅच सुरू व्हायच्या आधी मंगळवारी पत्रकारांना त्यानं सांगितलं होतं की जिंकल्याचा आनंद जेमतेम काही मिनिटं टिकतो, मग पुढं प्रश्न येतो रात्री जेवायला काय, आणि हे सगळं कशासाठी असं त्याला कधी कधी वाटतं. पाटील म्हणाला, ह्याला सज्जनगडावर आणून बसवा.

शनिवार: वाई, पाचगणी, महाबळेश्वर

पसरणी घाटात धुकं असतंच, हेडलाईट चालू ठेवा, वळणावर हॉर्न द्या आणि धबधब्याखाली गाडी लावून आंघोळ करणाऱ्यांपासून सावध रहा.

गाडीत सांगलीचं भडंग उघडलं आणि विषय पैशाचा निघाला. पाटलाला लिव्ह गोल्फबद्दल सांगितलं, २०२२ ला सौदी पैशावर सुरू झालेली लीग, २०२५ पर्यंत ७२ च्या जागी ५४ होल, टीम, गाणीबजावणी, सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरनं सुरू, कट नाही, शेवटचा आला तरी भरपूर पैसे. "म्हणजे आयपीएल," पाटील म्हणाला. मी म्हणलं नाही, आयपीएलमध्ये पडला तर बाहेर बसतोस. कट हाच ह्या खेळाचा कणा आहे. गुरुवार-शुक्रवार वाईट गेला की सामान भरायचं आणि आपल्या खर्चानं घरी. रोरीचं २०१९ चं सगळं दुःख त्या एका फटक्यात होतं, कट नसता तर त्या ६५ ला कोण विचारतंय? २०२३ च्या जूनमध्ये पीजीए टूर (अमेरिकेतली जुनी व्यावसायिक गोल्फची मालिका) आणि सौदींनी समझोता जाहीर केला, त्यानंतर ही ओपन आली तरी दोन्हीकडचे चांगले खेळाडू वर्षातनं फक्त चार मेजरला एकत्र दिसतात, हा मला बघणारा म्हणून तोटा वाटतो.

मामांना आपल्यातलं कोण असतं विचारायचं होतं. शुभंकर शर्मा २०२३ ला हॉयलेकच्या ओपनला संयुक्त आठवा आला, भारतीयाची तिथली सगळ्यात चांगली कामगिरी. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ ला पीजीए चॅम्पियनशिपला संयुक्त पाचवा. टोकियो ऑलिंपिकला पुण्याचा उदयन माने होता, आणि तिथंच अदिती अशोक चौथी, मेडल एका फटक्यानं गेलं. पण मामांना आवडला तो चौरासिया. रॉयल कलकत्ता, १८२९ चा क्लब, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना, तिथं वडील गवताची देखभाल करायचे आणि पोरगं तिथंच शिकून २०१६ आणि २०१७ लागोपाठ इंडियन ओपन जिंकलं. "माळ्याचं पोरगं," मामा दोनदा म्हणाले.

पाचगणीच्या टेबललँडवर पाटलाला वाटलं इथं तर तयार मैदान आहे. मी म्हणलं ही नुसती सपाट जागा, गोल्फला निरुपयोगी. बॉल दोन वेळा सारख्या ठिकाणी पडता कामा नये, तीच मजा आहे. सेंट अँड्र्यूजची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ती गावाची जमीन आहे. रविवारी साधारणपणे गोल्फ बंद, लोक कुत्री घेऊन, पोरं घेऊन फेअरवेवरनं (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) फिरतात. आपल्याकडं हा खेळ भिंतीच्या आत गेला आणि मेंबरशिपच्या अर्जात अडकला, मग लोक म्हणतात श्रीमंतांचा खेळ. टेबललँडवर त्या धुक्यात शाळेची पोरं फुटबॉल खेळत होती, गोल म्हणून चपला ठेवलेल्या.

महाबळेश्वरला पोचलो तर मेन रोडची निम्मी दुकानं प्लास्टिक लावून बंद. स्ट्रॉबेरी ह्या दिवसांत ताजी नसते, जी देतात ती क्रीममधली डीप फ्रीजची, त्यापेक्षा भाजलेलं कणीस घ्या. लॉजवर गरम पाणी सकाळी किती वाजता ते आधी विचारून घ्या, आणि एक जोडी कपडे प्लास्टिक पिशवीत गाठ मारून ठेवा कारण खोलीत सुद्धा काही वाळत नाही.

रात्री लाईट गेली, फोनवर बघितलं. रोरीनं अकराव्या होलला गवतातनं फटका मारला आणि त्याच्या बॉलबरोबर जमिनीतनं दुसराच बॉल उसळून वर आला, कुणाचातरी कधीतरी पुरला गेलेला. तो स्वतःच बघत राहिला. मामा इतके हसले की शेजारच्या खोलीतनं भिंतीवर थाप आली. पुढच्याच होलला त्यानं ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) मारला आणि लोकांचा जो आवाज झाला तो फोनच्या स्पीकरमधनं पण अंगावर आला. शेफलर मात्र तसाच, शांत. सोळावा होल तिथला, कॅलॅमिटी कॉर्नर, २३६ यार्डाचा पार तीन, उजवीकडं खोल दरी, तिथं पडला की बॉल वर काढायची पंचाईत. तिथं ह्यानं बर्डी केली. चार फटक्यांची आघाडी.

रविवार: क्षेत्र महाबळेश्वर, परत वाई

पंचगंगेच्या मंदिरात गोमुखातनं कृष्णा येते. सांगलीच्या माणसाला ती बघताना कसंतरीच होतं, एवढीशी धार, आणि २०१९ ला आमच्या दारात काय आली होती. पाटलानं हात जोडले आणि म्हणाला, बाई जरा दमानं.

मुक्कामाला वाईला उतरलो, ढोल्या गणपतीच्या घाटावर पाणी बरंच वर होतं. मेणवलीला जाऊन आलो, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट पावसात रिकामा मिळतो, पायऱ्यांवर शेवाळ आहे तेवढं बघा. जेवण एका खानावळीत, आमरस संपलेला सीझन तरी बोर्डावर होता.

फायनल सातला. शेफलरनं पहिल्याच होलला जवळजवळ भोकात बॉल टाकला तेव्हाच पाटील म्हणाला संपलं. पण आठव्याला गंमत झाली. हा आठवा आणि आधीचा सातवा, दोन्ही होल २०१९ च्या ओपनसाठी शेजारच्या कोर्सची जागा घेऊन नव्यानं केलेले, हॅरी कोल्टनं जो मूळ कोर्स घडवला त्यात हे नव्हते. त्या नव्या होलच्या बंकरमध्ये शेफलर अडकला, पहिला प्रयत्न काठाला लागून परत आत. डबल बोगी. पाटील उठून बसला. मामा म्हणाले, "आता बघ, गडी चिडला का." गडी चिडला. नवव्याला लगेच बर्डी. तिथनं पुढं काही झालंच नाही, १७ अंडर, चार फटक्यांनी जिंकला, हॅरिस इंग्लिश दुसरा, रोरी संयुक्त सातवा. बक्षीस ३१ लाख डॉलर. आणि पहिल्या मेजरपासनं चौथ्यापर्यंत १,१९७ दिवस, टायगर वूड्सला पण बरोबर तेवढेच लागले होते. मला हे असले आकडे पाठ राहतात आणि विम्याचा हप्ता विसरतो.

खरं सांगायचं तर फायनल सपक झाली. पण जूनमधली यूएस ओपन आठवा, ओकमाँटला रविवारी पाऊस, सगळ्यांचे हाल, आणि अमेरिकेचा जे. जे. स्पॉन शेवटच्या होलला ६४ फुटांचा पट घालून एक अंडरवर जिंकला, अख्ख्या मैदानात पारच्या खाली तो एकटा. ते बॉल किती लांब जातो ह्यावर नव्हतं, पाऊस पडल्यावर कोण टिकतं ह्यावर होतं. बॉलची उडी कमी करायचा नियम २०२३ ला जाहीर झाला त्यावर खेळाडू कुरकुरतात, मला तर उशीर झाला असं वाटतं. साडेतीनशे यार्ड मारून पुढं फक्त छोटी दांडी हातात घ्यायची असेल तर जमिनीचं काम काय उरलं?

मामा बक्षीस समारंभ बघत होते. हजारो लोक शेवटच्या फेअरवेवर, सगळं गवत पायाखाली. "ह्ये सगळं परत सारखं करायला किती माणसं लागतील?" मामांनी विचारलं, आणि मग स्वतःच हिशोब घालत बसले, एका ग्रीनला किती जण, पाणी कसं, वाळू कुठनं. राजस्थानात त्यांच्याकडं मोजकी माणसं आणि एक फळी होती.

सोमवार

मामांना अपशिंग्यात सोडलं, मामीनी घेवडा बांधून दिला, साताऱ्यात राजवाड्याजवळ पेढे घेतले. पाटलानं पुढची ओपन कधी असते ते विचारलं, म्हणजे लागलं बहुतेक. १६ ते १९ जुलै २०२६, रॉयल बर्कडेल. तिथं २०१७ ला जॉर्डन स्पीथनं तेराव्याला इतका वाकडा मारला की नियम बघून शेवटी प्रॅक्टिस रेंजवर ट्रकच्या मागं जाऊन पुढचा फटका खेळला, नुसतं ठरवण्यात वीस मिनिटं गेली, आणि त्यानंतर बर्डी, ईगल, बर्डी, बर्डी करून जिंकला. कराड येईपर्यंत हीच गोष्ट चालली होती. पाटील म्हणतो पुढच्या जुलैला आंबोली, मामांनी फोनवर आधीच हो म्हणलंय, फक्त लॉजला जनरेटर आहे का ते विचारून बुक करा म्हणाले.